धवलारणीचा गळा

डॉक्टरांनी मागे उभं राहून माझी मान दोन्ही हातांनी चाचपली आणि पाण्याचा घोट गिळायला सांगितला. मी गिळला. गाठ वर गेली, खाली आली.

"थायरॉइडची गाठ आहे," डॉक्टर प्रधान म्हणाले. "श्वासनळीवर दाब येतोय. काढावी लागेल."

थायरॉइड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागात असलेली एक ग्रंथी. ती प्रत्येकालाच असते, माझी वाढून लिंबाएवढी झाली होती. याला गॉयटर म्हणतात, आपण गलगंड म्हणतो. गाठ दुखत नव्हती, म्हणून मी पदर ओढून वर्षं काढली. उताणं झोपलं की जीव घुसमटायचा, भाकरीचा घास अडायचा, तरी गाणं चालू होतं. गाणं चालू आहे म्हणजे गळा ठीक आहे, हा माझा हिशेब. तुमच्यापैकी कुणाची अशी गाठ असेल तर माझ्यासारखं शहाणपण करू नका. दुखत नाही म्हणून ती गाठ आपली मैत्रीण होत नाही.

आता माझ्या गाण्याविषयी सांगते. मी चंद्री, घणसोली गावातली धवलारीण. आमच्या आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणावे लागतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. ती ओळ उचलते, मागच्या बायका तीच ओळ झेलतात. नवरीचं, नवऱ्याचं नाव त्या त्या जागी घालायचं. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. माझी आई म्हणायची, गळा देवाने दिलाय, तो आपल्या घरात ठेवून घ्यायचा नाही. म्हणून कुठल्याही घरून बोलावणं आलं की मी गेले, भांडण असलं तरी.

ते ऐंशीच्या आसपासचे दिवस. गावाच्या बाजूने रस्ते आखले जात होते, तरी खाडीचा वारा अजून थेट ओटीवर यायचा आणि एका आळीत म्हटलेला धवला दुसऱ्या आळीत ऐकू जायचा. माइकची गरज पडायची नाही. फार गोड दिवस होते ते. आठवले की अजून घशात काहीतरी दाटतं, आणि ती गाठ नव्हे.

प्रधान डॉक्टर ऑपरेशन करायचे त्या मुंबईच्या मोठ्या इस्पितळात भरती झाले. तिथे इनडायरेक्ट लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे जीभ बाहेर ओढून घशात छोटा आरसा घातला आणि "ई" म्हणायला लावलं. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढून समजावलं. आवाज चालवणारी एक नस असते, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ती या गाठीला अगदी लागून जाते. तिला इजा झाली तर आवाज बसतो, कधी कायमचा.

मी विचारलं, गाठ राहू दिली तर? ते म्हणाले, "तर एक दिवस श्वासच अडकेल. मग गाणारही नाही आणि बोलणारही नाही."

मी हो म्हटलं आणि वॉर्डात येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मला मरणाची भीती नव्हती एवढी मुकी होण्याची होती. माझ्यानंतर धवल्याची ओळ उचलणारं गावात कुणी नव्हतं.

शेजारच्या खाटेवर शकुन होती. तुर्भ्याची, नवरा कारखान्यात, माणसं मूळची परभणीकडची. पोटाच्या ऑपरेशनला आलेली, एकोणीस-वीस वर्षांची. ऑपरेशनच्या सकाळी नर्सने तिच्या पोटावर पिवळंजर्द औषध फासलं तशी ती थरथरायला लागली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, अगं, ही तर हळद. आणि हळदीचा धवला सुरू केला. तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तिने सांगितलं, ते घातलं. तिच्या घरी लग्नं बुद्धवंदनेने लागतात, हे धवले तिने कधी ऐकलेही नव्हते. पण ती रडता रडता हसली आणि हसत स्ट्रेचरवर गेली.

झालं, रिवाजच पडला. ज्या बाईला औषध लागेल तिची हळद. कुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन, कुणाचं अपेंडिक्स, सगळ्या नवऱ्या. तिथे पडल्या पडल्या बायका मागून ओळ झेलायला शिकल्या. नर्स आधी ओरडली, नंतर स्वतःच बोलवायला लागली.

मग माझा दिवस आला. मानेला पिवळं फासलं आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धवलारणीला धवला कोण म्हणणार? तेवढ्यात शकुन पोटाचे टाके धरून उठून बसली.

"मावशी, आज तुमची हळद हाय. आमी म्हणतो," ती म्हणाली.

आणि तिने ओळ उचलली. चाल वाकडी, शब्द अर्धे तिचे. नवऱ्याच्या नावाशी मात्र येऊन अडली. मी यजमानांचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. घ्यायचं नसतंच. माझ्याशी जोडलेलं एकच पुरुषाचं नाव तिला ठाऊक होतं.

"हलद लागली गो चंद्रीच्या अंगाला, नवरा प्रधान उभा मांडवाला."

सगळ्या खाटांवरून ओळ झेलली गेली. प्रधान डॉक्टर दारातच उभे होते. नर्सने तोंडाला हात लावला. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे आता आमची जबाबदारी वाढली." मी हसत हसत बेशुद्ध झाले म्हणायला हरकत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घशातून नुसती हवा निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, नस वाचली पण गाठ सोडवताना ती ताणली गेलीय. बोलणं हळूहळू येईल. वरच्या पट्टीचं गाणं बहुतेक नाही. त्यांनी खोटी आशा लावली नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

बोलणं आलं, घोगरं. वैशाखात शेजारची यमुना मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली. मी म्हटलं, दुसरी शोध.

"गला गेला त गेला. धवले त याद हान ना तुला? म्होरं बस," ती म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली.

बसले. माझ्या बाजूला माझी जाऊ हिरा. ती वर्षानुवर्षं माझ्या मागून झेलायची, तिला प्रत्येक ओळ यायची, फक्त कुठलीमागून कुठली ते माहीत नव्हतं. मी दोन शब्द कानात सांगायची, ती उचलायची. सुरुवातीला मला फार वाईट वाटत होतं. तिचा आवाज पातळ, माझ्यासारखा भरलेला नाही. मनातल्या मनात मी तिच्या चुका काढत होते.

त्या लग्नसराईत गावातल्या प्रत्येक मांडवात आम्ही दोघी तशाच बसलो. शेवटच्या लग्नात, हळदीच्या वेळी, मी सांगायला तिच्या कानाशी वाकले आणि हिराने पुढची ओळ आपणहून उचलली. त्याच्या पुढचीही. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं जागच्या जागी.

माझं तोंड उघडंच राहिलं होतं. मागे बायकांनी श्वास घेतला, ओळ झेलायला. मीही त्यांच्याबरोबर श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरीच्या मागून, घोगऱ्या आवाजात, धवला म्हटला.