भरल्या बागेचा फोटो

मी त्याचा कॅमेरा हिसकून पाटाच्या पाण्यात फेकला, तेव्हा वादळ बांधापर्यंत आलं होतं.

“भरल्या बागेले नजर लावतो का रे, मेल्या?”

फैजपूरजवळच्या आमच्या केळीच्या बांधावर तो फोटोवाला चार दिवस येत होता. ऊन-ढग पालटेपर्यंत उभा राहायचा आणि शर्टाच्या टोकाने काच पुसायचा. घड लागलेल्या बागेचा फोटो काढला की दृष्ट लागते, असं आम्ही मानतो.

तो भांडला नाही. कॅमेरा उचलून त्याने मला ओढत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेलं. बाहेर केळी मोडून पडत होत्या.

“बाग उभी होती तेव्हाचे फोटो यातच होते, अक्का,” तो म्हणाला.

वादळ त्याने आणलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी माफी मागितली नाही, याची लाज वाटते. बाग गेली. आम्ही दोघं वाचलो.