शेठची गाडी विकली गेली नाही तेव्हा
गाडीला लावायच्या मेणाचा वास आला की वाशीच्या एका शेठची जुनी लाल स्पोर्ट्‌स कार आठवते. पप्पा तिचे ड्रायव्हर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना शेठनी ती लिलावात काढली. गाडी गेली की पप्पांची नोकरी जाणार आणि माझं कॉलेज सुटणार, हे घरात न बोलता ठरलेलं. लिलावाच्या दिवशी मी डबा द्यायला गेले, तर पप्पा रिकाम्या हातांना काम म्हणून गॅरेज झाडत होते. तेवढ्यात शेठ ती गाडी घेऊनच परत आले. "असल्या गाड्यांचे भाव पार पडलेत रे. अर्ध्यात मागतात. नाही दिली." "वाईट झालं, शेठ," पप्पा म्हणाले. "मग दात काय काढतोस? पूस तिला." आज घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून मी ताठ मानेनं सांगते, अभ्यास माझाच, पण त्या दिवशी हात आखडता घेणाऱ्या गिऱ्हाइकांचे उपकार मी विसरलेले नाही.