सोलकढीचा चोथा

हे मी आजवर कुणालाच बोललेली नाही. नवऱ्याला नाही — आणि तो असेपर्यंत त्याच्यापासून मी फारसं काही लपवलं नव्हतं. शेजारच्या जुबेदालाही नाही, आणि तिला तर माझा कुठला दात कधी पडला ते पाठ आहे. तुम्हाला सांगते. का सांगते? ते मलाही नीट ठाऊक नाही. मी चौथी शिकलेली बाई, लिहायला वेळ लागतो, तेव्हा जरा धीर धरा.

गोष्ट नारळाच्या चोथ्याची आहे. हसा खुशाल. मलाही पुष्कळदा हसू येतं, आणि मग ते मध्येच थांबतं.

माझी सून वैशाली घाटावरची, साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आली तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कामाला चलाख, बोलायला गोड, पण कातडी अशी नाजूक की माशी बसली तरी वळ उठावा. इथली दमट हवा तिला मानवेना. गाल लालबुंद, कपाळावर बारीक पुरळ, सारखी खाज. साबण लावला की आग. मुलानं दुकानातून ट्यूब आणली, टीव्हीवर दाखवतात तसली. चार दिवसांत गाल सोलवटले. मग तिच्याहून महाग दुसरी आणली. तीही कपाटात जाऊन बसली.

मी म्हटलं, "ती रसायनं टाक गो बाहेर. उद्यापासून चोथा लाव."

माझं माहेर केळशीचं. नारळाचं दूध पिळल्यावर मागे राहतो तो चोथा माझी आई कधी वाया घालवत नसे. मूठभर चोथा कोमट पाण्यात ओला करायचा आणि तोंडावर थोपटायचा. घासायचा नाही — सगळी मेख तिथेच आहे. नाजूक कातडीला घासलंत की संपलं. थोपटायचा, जरा वेळ ठेवायचा, गार पाण्यानं धुवायचा, मग फडक्यानं टिपायचं. चोथ्यात जे थोडं दूध उरतं ते मळ काढतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. आणि खर्च? नारळ तर रोजच्या जेवणाला फोडलेलाच असतो.

महिन्याभरात पोरीचा चेहरा निवळला. असा निवळला की विहिरीवर बायका वळून बघायच्या. आणि इथेच माझं बिनसलं.

कारण विचारायच्या त्या तिला. "वैशाली, तू काय लावतेस गो?" आणि ती समजावून सांगायची — थोपटायचं, घासायचं नाही — अगदी माझ्या शब्दांत. "आमच्या आईंनी सांगितलं" असंही म्हणायची. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा म्हणायचीच. पण ऐकणाऱ्या बायका तेवढं गाळायच्या. आळीत नाव पडलं 'वैशालीचा चोथा'. माझ्या आईचा चोथा, माझा चोथा, आणि नाव दोन वर्षांपूर्वी घाटावरून आलेल्या पोरीचं! तीस वर्षं मी या आळीत राहिले, मला कुणी कधी विचारलं होतं, तुझा चेहरा कसा राखतेस म्हणून?

आता मुद्द्यावर येते. येते — जरा मागचं अजून थोडं सांगायला हवं.

वैशालीच्या मनात आलं, पडवीत बायकांचे चेहरे स्वच्छ करून द्यायचं काम सुरू करावं. पार्लरला ज्या जाऊ शकत नाहीत, ज्यांना क्रीम सोसत नाही, त्यांच्यासाठी. नवऱ्याला तिनं तयार केलं. पडवीच्या भिंतीवर मोठा आरसा लावून घेतला, खुर्ची ठेवली. मला म्हणाली, "आई, आपण दोघी मिळून करू." मी नुसतं हं म्हटलं. एका रविवारी दुपारी आळीतल्या पंधरा-वीस बायकांना बोलावलं, सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाला लावून दाखवायचं ठरलं.

रविवार म्हणजे आमच्याकडे मासे आणि सोलकढी. सोलकढीच्या नारळात वाटतानाच हिरवी मिरची आणि लसूण जातो. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात चोथ्याच्या दोन वाट्या असायच्या. एक साध्या नारळाची, तोंडासाठी. दुसरी सोलकढीची, ती कोंबड्यांना. कोंबड्यांना तिखट कळत नाही.

पडवी भरली होती. जुबेदा पुढेच बसलेली, तोंड चालू. "वैशाली, बाय माझी, हे तोंडाला लावायचं की भातावर घ्यायचं?" सगळ्या हसल्या. वैशालीही हसली. पदर खोचून आरशासमोर बसली आणि आत हाक दिली, "आई, चोथ्याची वाटी देता का?"

दोन्ही वाट्या ओट्यावर शेजारी शेजारी होत्या. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की हात चुकला. घाई होती, अंधार होता, डोळे अधू. काही अंधार नव्हता हो. भर दुपार होती, आणि डोळ्यांनी मी तेव्हा तांदळातला खडा दारातून ओळखत होते. मी सोलकढीची वाटी उचलली. सोलकढीचीच म्हणून उचलली. बाहेर नेली आणि हसून तिच्या हातात दिली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तिनं गालांवर थोपटला, कपाळावर थोपटला. क्षणभर काही नाही. मग डोळे मिटले, मान खाली गेली, आणि बसल्या जागी पाय आपटायला लागली. बायका उठल्या, कुणी पाणी, कुणी दही. जुबेदानं वाटी नाकाशी नेली आणि ओरडली, "अगो, ह्यात मिरची आहे!"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. आणि तेवढ्यात वैशाली, डोळे मिटलेलेच, म्हणाली, "माझंच चुकलं. वाट्या मीच भरून ठेवल्या होत्या, उलटसुलट झाल्या असतील."

मी तरीही गप्पच.

तीन दिवस तिचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा होता. मी तिच्या उशाशी बसून कापसानं गार दूध लावत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होत्या. "सासू असावी तर अशी," म्हणाल्या. ते मी ऐकून घेतलं. गोडही लागलं — ते कशाला लपवू आता?

पडवीतलं काम सुरू झालंच नाही. मिरचीच्या हातात चेहरा कोण देणार? आळीत चेष्टा झाली, 'वैशालीचं तिखट फेशियल', ती अजून चालते, आणि वैशाली स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसते. चोथा कसा लावायचा ते विचारायला बायका माझ्याकडे येऊ लागल्या. मला हवं होतं ते मिळालं, अगदी पुरेपूर. खुर्ची स्वयंपाकघरात गेली. आरसा तिथेच आहे. मी रोज त्यात बघून वेणी घालते.

पण एक गोष्ट राहिली. वाटी हातात घेतल्यावर वैशालीनं ती नाकाजवळ नेली होती. लसणाचा वास लपतो का? शिवाय पांढऱ्या चोथ्यात हिरवे कण. तिनं वास घेतला, मग आरशातून माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि बोटं वाटीत घातली. एवढ्या बायकांसमोर सासूच्या हातची वाटी परत कशी करायची, असं वाटलं असेल? की मी असं करीन हे खरं वाटलं नसेल? मी विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

आता माझ्या हातांना नारळ पिळवत नाही. तेव्हा सोलकढी तीच करते. मिरची घालायच्या आधी थोडा नारळ वेगळा वाटून पिळते आणि त्याचा चोथा माझ्यासाठी काढते. म्हाताऱ्या कातडीलाही साबण सोसत नाही. वाटी घेऊन पडवीत येते, माझ्यासमोर आधी स्वतः हुंगते, आणि मग माझ्या हातात देते.

"घ्या आई. साधा आहे."

दर वेळी म्हणते. मी वाटी घेते, आरशासमोर बसते आणि थोपटते. घासत नाही.