माझ्या तोंडापाशी धरलेला गुलाबजाम

ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं, त्याला चार महिने झाले होते. तीर्थपुरीची धाकटी नणंद आली म्हणून आम्ही सगळे अंबड रोडच्या ढाब्यावर गेलो. काजू करी, शेवभाजी, पनीर बटर मसाला, असं मेनूकार्डावरचं एकेक बोटानं ओलांडत मी बिनतडक्याची दाल आणि तंदुरी चिकनचा एक पीस मागवला. एवढ्यालाही मला अर्धा तास लागतो, कारण घासाचं पाणी होईस्तोवर चावावं लागतं. गोड तर बिलकुल चालत नाही.

नणंदेला हे सगळं माहीत होतं. तरी तिनं गुलाबजाम उचलून माझ्या तोंडापाशी धरला. "वहिनी, माझ्या हातचा एक घास. त्याला तरी न्हाई म्हणू नका."

टेबलावरचे सगळे जेवायचे थांबून बघायला लागले. भरवलेला घास आमच्यात कोणी परत करत नाही. मी गिळला.

पाच मिनिटांत मी बेसिनवर ओकत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर माझ्यापुढचं ताट तिनं याच हातानं उचललं होतं. "वहिनीला आवरा रे कुणीतरी," म्हणाली होती. सगळे हसले होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते.