गच्चीवरची परात

इथले अमानवीय किस्से मी करमणूक म्हणून वाचत आलो. विश्वास कधीच नव्हता. भावकीत कुणी अमावास्येला लिंबू-मिरची बांधायला लागलं की पहिला हसणारा मीच. त्यामुळं हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण आता सांगून मोकळं व्हावं म्हणतो. खरंच थकलोय.

आमचं शेत फुलंब्रीच्या अलीकडं. रस्त्याजवळ स्लॅबचं घर आणि मागं उतारावर, पार खोलगटात, गुरांचा गोठा. मध्ये एक जुनी चिंच – एवढी पसरलेली की गोठ्यातून घर दिसत नाही, गच्चीही नाही. मी रोज संभाजीनगरला, चिकलठाण्यात नोकरीला जातो. बायको सुनंदा फुलंब्रीच्या शाळेत शिकवते. दिवसभर मागं राहतात ते फक्त दादा, माझे वडील. आणि माय गेल्यापासून त्यांनी बाजही गोठ्यातच नेलेली.

दादांना शुगर आहे. सकाळची गोळी घेतली आणि दुपारचं जेवण चुकलं की शुगर एकदम खाली येते, हातपाय थरथरतात. माय होती तोवर जेवण चुकायचं नाही. ती मागच्या ओट्यावर उभी राहून पितळी परातीवर उलथनं बडवायची. नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, आणि 'अहो' काही उतारावर खालपर्यंत पोचत नाही, म्हणून परात. दादा उठून येईपर्यंत बडवायची. परातीच्या बुडाला नुसते पोचे पडले होते. ती गेल्यावर सुनंदा सगळं झाकून ठेवून जायची आणि संध्याकाळी ते तसंच असायचं. एकदा शेजारच्यांना दादा गव्हाणीपाशी पडलेले सापडले. "ध्यानातच ऱ्हात नाय," एवढंच म्हणाले.

गोठ्यात मोबाईलला रेंज नाही. म्हणून ठरवलं – घरातलं वायफाय गोठ्यापर्यंत न्यायचं, तिथं कॅमेरा लावायचा, आणि ऑफिसातून कॅमेऱ्याच्या स्पीकरवर बोलून त्यांना जेवायला उठवायचं.

फुलंब्रीहून इंटरनेटवाला इरफानभाई आला. सिग्नलची एक डबी गच्चीवर, एक गोठ्यावर, आत कॅमेरा. सिग्नल काही जाईना.

"साहब, ये बीच में इमली है ना, इसीका लफडा है. फांदी छाटा, नाहीतर गोठ्यावर उंच पाईप उभा करा."

फांदीचं नाव काढताच दादा भडकले. "झाडाला हात लावायचा नाय. तुमच्या मोबाईलपायी सावली तोडता व्हय?"

राहिला पाईप. तर वेल्डिंगवाला आज येतो, उद्या येतो करत बसला. ऑफिस, शाळा, गोठा, पुन्हा ऑफिस... जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी वैतागून एका रविवारी मीच जुगाड केला. मायची परात फडताळात पडून होती. पोच्यांमुळं तिच्यात कणीकही नीट मळता येत नव्हती. काठाला भोकं पाडली, बाइंडिंग वायरनं टाकीच्या पाईपला बांधली, मधोमध ती डबी, तोंड गोठ्याकडं. आणि मोबाईलवर गोठा दिसला! अडखळत, पण दिसला. इरफानभाईला सांगितलं तर म्हणाला, "ऐसा होता नहीं. पर हो गया ना, अब छेडो मत."

स्पीकर मात्र फसला. पहिल्याच दिवशी ऑफिसातून "दादा, जेवायला चला" म्हणालो, तर गाय दावं तोडायला निघाली आणि दादांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. संध्याकाळी माझी हजेरी घेतली, "गुरं बुजतेत. बंद कर ते." स्पीकर बंद केला, कॅमेरा राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. दादा बाजेवर दोरी वळत बसलेले. एकाएकी त्यांनी मान वर केली. गाईनंही कान टवकारले. दोघंही घराकडं बघत होते. मग दादा दोरी ठेवून उठले आणि कुणावर तरी वैतागल्यासारखा हात हलवत निघाले. संध्याकाळी बघतो तर भाजी-भाकरी संपलेली, ताट मोरीत. मग रोजच असं व्हायला लागलं.

मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, "दादा, आता ध्यानात ऱ्हातंय की."

"ध्यानात कशाचं? तुझी माय परात बडवायलीय. मी गेल्याबिगर थांबती का ती?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, वाऱ्यानं परात पाईपावर आपटत असणार. वर जाऊन वायर आवळली, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडाही घातला. दादा उठतच राहिले.

अखेर वेल्डिंगवाला उगवला. गोठ्यावर पाईप उभा राहिला, इरफानभाईनं नवी डबी लावली, चित्र लख्ख. परात खाली आली, सुनंदानं घासून फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कॅमेऱ्यात बसलेले दिसले. जेवणाची वेळ टळली तरी बसूनच, हातातली दोरी खाली पडलेली. स्पीकर चालू करून ओरडलो, हलले नाहीत. शेजारी फोन उचलेनात. साहेबांना न सांगताच निघालो. हर्सूलच्या गर्दीत अडकलो तेव्हा मी अक्षरशः रडत होतो. पोचलो तर दादा घामानं भिजलेले. तोंडात गूळ घातला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज वाजलंच नाय रं... रुसली का काय?"

त्याच संध्याकाळी परात परत पाईपला बांधली. आता तिच्यात डबी नाही, डबीची वायर नाही. नुसती परात, तोंड गोठ्याकडं. दुसऱ्या दिवशी दादा जेवायला आले.

मागच्या महिन्यात सोक्षमोक्ष लावायचा म्हणून सुट्टी घेतली आणि भर दुपारी गच्चीवर उभा राहिलो. वारा नव्हता. परात उन्हानं तापलेली, तरी पंजा पसरून दाबून धरली – जराशी हलली तरी कळावं म्हणून. दुसऱ्या हातात मोबाईल. परात हलली नाही. आवाज नाही. आणि मोबाईलवर दादांनी मान वर केली... पण लगेच उठले नाहीत. कान देऊन बसले. मग सावकाश उठले.

खाली येऊन मी ताट वाढलं. दादांनी भाकरी मोडली.

"आज आवाज लई बसका आला," ते म्हणाले. "परातीवर कुणी हात धरला व्हता का?"

मी नाही म्हणालो आणि भाजलेला तळहात मिटून घेतला.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, आणि लावायची ताकदही उरलेली नाही. सुट्टीच्या दिवशी सुनंदाला गच्चीवर वाळवण घालायचं असलं तरी आता ती दादांचं जेवण होईपर्यंत वर जात नाही.