शनीच्या चंद्रावरचे ओले मोजे

ओल्या लोकरीचा वास आला की मला कामरगावच्या आमच्या ओसरीतली ती दुपार आठवते. फौजेतून परतून बरीच वर्षं झाली होती. लढाईबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता, पण शनीच्या एका चंद्रावर लढणाऱ्या जवानांची कथा मात्र लिहिली होती. बायको अंबाडीची भाजी निवडत होती आणि मी तिला ती वाचून दाखवत होतो. बर्फाच्या खंदकात दोघं जण ओले लोकरीचे मोजे बनियनखाली पोटाशी धरून वाळवतात आणि त्यातला एक जोरात घोरतो, हे ऐकून ती हसली. "हे तं तुमी अन् मानोऱ्याचे भाऊजी!" माझा फौजेतला जोडीदार तिनं बरोबर ओळखला होता. पुढे तो घोरणारा तोफेच्या माऱ्यात मरतो, तिथं तिचा हात थांबला. "त्याईले कायले मारलं? रविवारी जेवाले येऊन राह्यले ना ते!" मी म्हणालो, "खऱ्या लढाईत दिवसभर मले तो गेलाच वाटला होता." ती पुन्हा भाजी निवडू लागली. रविवारी मात्र तिनं त्याला न विचारता तिसरी भाकर वाढली, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. आता माझ्या प्रत्येक अवकाशकथेत तो असतो. घोरून घोरून शत्रूला आमचा ठावठिकाणा सांगतो, तरी त्याला मारायची परवानगी मला घरातून नाही.