गद्दाराचा रोल

माझा भाऊ गुंड होता.

सख्खा भाऊ. प्रकाश. आज त्याला जाऊन वर्ष झालं, आणि मी सकाळी उठून हे लिहितेय, कारण कालपासून सोनपेठमधल्या प्रत्येक मोबाईलवर त्याला हिरो करणारं एक रील फिरतंय.

काळा गॉगल, मागे वाळूचा टिप्पर, वर गँगस्टर पिक्चरचं म्युझिक. मग माधवचा फोटो. त्यावर लाल फुली.

"दोस्तीत दगा. उद्या दहा वाजता विहारासमोर हिशोब."

उद्या म्हणजे आज. दहालाच विहारात प्रकाशच्या वर्षाचा कार्यक्रम आहे.

हे बनवणाऱ्यांतले निम्मे माझ्या इंग्रजीच्या वर्गात बसलेले आहेत. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करायच्या. तुम्हाला उभं करायला मला बाक पुरायचे नाहीत.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. माधव आमच्या शेजारचा. शेतकऱ्याचं पोरगं, आमच्या चुलीवरची भाकरी खाऊन वाढलेलं. त्याच्या आजीला ते चालायचं नाही. त्याला चालायचं.

दोघं शाळेत असताना गावात व्हिडिओवर एक लांबलचक पिक्चर आला होता. दोन जिवलग मित्र, पुढे दोघेही गुन्हेगार. शेवटी एक जण पोलिसांना टिप देतो आणि दुसरा गोळ्या खाऊन मरतो. या दोघांनी तो इतक्या वेळा पाहिला की व्हिडिओवाला त्यांना फुकट सोडायला लागला.

मग गोदावरीच्या वाळूत रोज तोच खेळ. मरायचं प्रकाशनं. कारण माधवला मरता यायचं नाही.

"पडला की हसायलाय हा!" प्रकाश चिडायचा. "मरताना हसतेत का रे कुणी?"

"वाळू शर्टात जायलीय. गुदगुल्या होतेत."

"मग तू गद्दार हो."

म्हणून माधव गद्दार. रोज.

त्याच वाळूवर पुढे प्रकाशनं धंदा उभा केला. चोरीचा. नदी खरवडली, आडवे आले त्यांची हाडं मोडली. माधव त्याच्या गाड्या सांभाळायचा. तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मी दोघांशी बोलणं टाकलं होतं.

एका दुपारी माधव माझ्या दारात उभा. घामानं निथळत, पायात चप्पल नाही.

"ताई, नवा तलाठी गाड्या अडवायलाय. पक्यानं डायवरला सांगितलं, आज आडवा आला तर ब्रेक दाबायचा न्हाई."

"तू काय म्हणालास त्याला?"

"पाया पडलो. तर मला म्हणला, पिक्चरमधला रोल खराच करायलास का?"

"तलाठी कुठे आहे आत्ता?"

"वाळूच्या घाटाकडं निघालाय. मोटारसायकलवर. एकटाच."

रीलवाल्यांनो, तुमची गोष्ट इथे चुकते. तुम्ही म्हणता, माधवनं पोलीस ठाण्यात जाऊन नाव सांगितलं.

माधव ठाण्याच्या पायरीवर बसून रडत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आत मी गेले.

भावाचं नाव मी सांगितलं. कुठला घाट ते मी सांगितलं. टिप्परचा रंगसुद्धा मीच सांगितला.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण. आधी जीप काढा."

मी हे कधी लपवलं नाही. कोणी विचारलंच नाही. गद्दार तुम्हाला पिक्चरमधून तयार मिळाला होता. आणि माधवनं मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव कधी घेतलं नाही.

तलाठी वाचला. प्रकाश तुरुंगात गेला आणि दारूनं आधीच पोखरलेलं लिव्हर पार सडवून बाहेर आला.

परभणीच्या दवाखान्यात तुम्ही एकदा आलात. ऑक्सिजन लावलेल्या माणसासोबत सेल्फी काढलात आणि गेलात. त्याची उलटी कोणी पुसली? माधवनं. आणि त्याच माधवला तुम्ही अंत्ययात्रेत खांदा देऊ दिला नाहीत. ढकलून दिलंत.

शेवटच्या आठवड्यात प्रकाशनं मला विचारलं, "ताई, तो तलाठी कुठं असतो?"

"बदली झाली. पालमला."

"जिता हाय ना?"

"आहे."

"बस." मग म्हणाला, "मी लय वाईट करायला निघालो होतो, ताई. आणि ठाण्यात तूच बोललीस, मला माहीत हाय. ह्या माधवच्या तोंडातून तेवढं निघत न्हाई."

माधव पेल्यात पेज ढवळत होता. त्याला हसू फुटलं. ते बघून प्रकाशलाही.

"आता का हसायलास?" माधव म्हणाला. "मरताना हसायचं नसतंय, तूच सांगायचास."

हे तुमच्या रीलमध्ये नाही. याला म्युझिक नव्हतं.

आज दहाला विहारात त्रिशरण-पंचशील होईल. जीव न घेण्याचं आणि चोरी न करण्याचं शील त्यात आहे. ज्यांनी रीलला लाइक ठोकलंय, त्यांनी ते जरा मोठ्यानं म्हणावं.

मग नेहमीसारखा आठवणी सांगायला माइक फिरेल. पहिला माइक माधवच्या हातात जाईल. तो यायला तयार नव्हता. मी त्याला घरून घेऊन निघणार आहे. त्याला बोलता येणार नाही, रडेल. रडू दे. मी शेजारी उभी असेन.

हिशोब करायचाय ना? या. पण फुली योग्य माणसावर मारा. सोबत माझा फोटो टाकलाय. ताजा आहे, चष्म्यासकट.

प्रकाश, तू वाईट वागलास. शेवटी तुला ते कळलं, पण ते या पोरांना सांगायला तू उरला नाहीस. म्हणून मी जातेय.

ताईचा जय भीम, बाळा.